खूप धावलेली गाडी घेताना मीटरआधी कागद पाहावेत

संपादक महोदय,

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी तरुणांनी जुनी गाडी कशी निवडावी, याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख उपयुक्त आहे; परंतु एक लाख मैलांपुढे धावलेल्या गाडीच्या वाटेला जाऊच नये आणि मॅन्युअल गिअरच्या, दोन दारांच्या जुन्या जपानी आलिशान गाड्या म्हणजे निव्वळ हौशी लोकांची उधळपट्टी, ही त्यातील दोन विधाने मला मान्य नाहीत. मी यंत्र अभियंता असून अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि अशा गाड्यांची खरेदी व देखभाल जवळून पाहत आलो आहे.

उदाहरणादाखल लेक्सस एससी ३०० ही दोन दारांची गाडी घेऊ. टोयोटाने लेक्सस हे नाव १९८९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणले आणि १९९१ मध्ये एससी मालिकेची विक्री सुरू झाली. तिचे बाह्यरूप टोयोटाच्या कॅलिफोर्नियातील कॅल्टी या डिझाइन केंद्रात घडले. जपानमध्ये हीच गाडी टोयोटा सोअरर म्हणून विकली जाई. आठ सिलिंडरांची एससी ४०० केवळ ऑटोमॅटिक मिळत असे, तर एससी ३०० मध्ये सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे तीन लिटरचे इंजिन होते आणि त्याला पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स जोडून घेण्याची सोय १९९७ पर्यंत होती. टोयोटाच्याच सुप्रा या नावाजलेल्या स्पोर्ट्स कारचे टर्बो इंजिन याच घराण्यातले. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे हे इंजिन, वेळच्या वेळी तेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदलत राहिल्यास, दोन लाख मैल म्हणजे सुमारे तीन लाख वीस हजार किलोमीटर ओलांडूनही नीट चालते. म्हणून या गाडीच्या बाबतीत लाख मैलांची लक्ष्मणरेषा आखण्याला तांत्रिक आधार नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मीटरवरचा आकडा खरा आहे, हेच गृहीत धरता येत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांप्रमाणे २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलांची विक्री करताना मीटरचा आकडा लेखी जाहीर करण्याचे बंधन वीस वर्षे राहते. २०१० व त्याआधीच्या मॉडेलांना ते आता लागू नाही. म्हणजे नव्वदच्या दशकातील गाडी विकणाऱ्याकडून या नियमाखाली आकड्याची लेखी हमी मिळत नाही. त्यातच एससीच्या मीटरमधील काट्यांचा उजेड वयोमानाने जाणे ही तिची नेहमीची तक्रार आहे, आणि ती दूर करण्यासाठी काही मालक भंगारातील दुसऱ्या गाडीचे संपूर्ण मीटर आणून बसवतात. अशा वेळी समोर दिसणारे ऐंशी हजार मैल त्या भंगारातल्या गाडीचे असू शकतात. कोणाचा लबाडीचा हेतू नसतानाही हे घडते. ‘केवळ ऐंशी हजार मैल’ म्हणून कागदांविना विकायला ठेवलेल्या गाडीपेक्षा, दोन लाख मैलांची, पण प्रत्येक कामाच्या पावतीवर तारीख आणि मैल लिहिलेली गाडी मी निःशंकपणे पसंत करीन. त्या पावत्यांत टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर राखणारा पट्टा), पाण्याचा पंप आणि रेडिएटर केव्हा बदलले हे प्रथम शोधावे. बेल्ट रबराचा असल्याने गाडी कमी धावली तरी तो वयाने झिजतो, त्यामुळे कमी मैलांच्या गाडीत तो मुळात बदललेलाच नसण्याचा संभव अधिक असतो.

आता मॅन्युअल गिअरविषयी. या गाड्या मुळातच थोड्या असल्याने त्यांना चढी किंमत येते, आणि त्या लोभाने अनेक ऑटोमॅटिक एससींमध्ये नंतर मॅन्युअल गिअरबॉक्स बसवले गेले आहेत. असे काम वाईटच असते असे मी म्हणणार नाही. नीट केलेले रूपांतर उत्तम चालते. परंतु ते कारखान्यातले म्हणून विकले जाऊ नये. कंपनीने गाडीवर लावलेल्या माहितीपट्टीवर गिअरबॉक्सचा सांकेतिक क्रमांक असतो. मूळ मॅन्युअल गाडीत तेथे डब्ल्यू ५८ दिसायला हवा. ती पट्टी पाहिल्याशिवाय किमतीची बोलणी करू नयेत.

गाडी चालवून पाहायची ती इंजिन पूर्ण थंड असताना. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे, कारण जुन्या गिअरबॉक्सचे दुखणे थंडीतच उघड होते. तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना करकर झाली तर सिंक्रो, म्हणजे गिअर सहज बसावेत म्हणून त्यांचा वेग जुळवणारी कडी, झिजले आहेत. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर येऊन क्लच दाबताच ती थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. उलट दाबल्यावर आवाज येत असेल तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, एकदम ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनचे फेरे वाढले आणि गाडी तेवढी पुढे गेली नाही, तर क्लच घसरतो आहे. क्लच बदलणे हा काही मोठा दोष नव्हे, पण त्याचा खर्च आधी किमतीतून वजा व्हायला हवा. सुरू करताना निळसर धुराचा झोत आला आणि लगेच विरला, तर व्हॉल्व्हची सीले कडक झाली असावीत. तो धूर चालवतानाही येत राहिला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, मोजल्याविना पुढे जाऊ नये.

इतके करूनही गाडी एखाद्या स्वतंत्र गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून खालून पाहावीच. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने चॅसिस, ब्रेकच्या नळ्या आणि सस्पेन्शनचे बोल्ट गंजतात. इंजिनाचे सुटे भाग इतर टोयोटांशी समान असल्याने मिळतात, पण आतील सजावटीचे, काचांच्या कडांचे आणि दिव्यांचे भाग मिळवताना फार वणवण होते. म्हणून इंजिन थोडे थकलेले पण अंगाने स्वच्छ अशी गाडी, इंजिन धडधाकट पण गंजलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. लांब, जड दारे बिजागरीत खाली आली आहेत का, हेही उघडमीट करून पाहावे.

२००३ ची ॲक्युरा (होंडाचे आलिशान गाड्यांचे नाव) सीएल टाइप-एस किंवा २००३ ते २००७ ची इन्फिनिटी (निसानचे तसेच नाव) जी ३५ कूपे घेणाऱ्यांनाही यातले बरेच लागू पडते. या दोन्हींत सहा गिअरचा मॅन्युअल मिळत असे. सीएलच्या बाबतीत तर मॅन्युअल हाच शहाणपणाचा पर्याय आहे, कारण त्या काळातील होंडाच्या अनेक सहा सिलिंडरी गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निकामी होऊ लागल्याने कंपनीला त्यांची वॉरंटी वाढवावी लागली होती.

लेखकाच्या एका काळजीशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. नुकत्याच आलेल्या, दुसरे वाहन नसलेल्या आणि रोज पहाटे बर्फातून कामावर जाणाऱ्या विद्यार्थ्याने मागच्या चाकांवर चालणारी तीस वर्षांची गाडी एकमेव आधार म्हणून घेऊ नये. त्याने साधी कोरोला घ्यावी. एससीसारखी गाडी पुढे भारतात नेता येईल, अशा आशेवरही कोणी राहू नये, कारण आपल्याकडे तीन वर्षांहून जुनी किंवा डाव्या स्टिअरिंगची वापरलेली गाडी आयात करू देत नाहीत. पण ज्याची नोकरी स्थिर आहे, जो भारतात क्लच-गिअरवरच गाडी शिकला आहे आणि ज्याने किमतीशिवाय पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवले आहेत, अशा तरुणाला केवळ मीटरच्या आकड्यावरून परावृत्त करणे मला अन्यायाचे वाटते. पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा मीटरविषयीच्या नियमाची आणि गिअरबॉक्सच्या पट्टीची माहिती अवश्य द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, न्यू जर्सी