पोकलेनवाल्या मामांना, माणदेशातून

मामा,

हे पत्र तुमच्या हयातीतच लिहायला हवं होतं. शेततळ्यातला गाळ काढायचा म्हणून गेल्या महिन्यात तुमचा नंबर लावला, तर फोन तुमच्या मुलाने उचलला. "पप्पा जाऊन सहा महिने झाले," तो म्हणाला. मी आमच्या वरच्या पट्टीच्या बांधावर उभा होतो. तुम्हीच घातलेला बांध. तिथेच खाली बसलो.

2018 चा एप्रिल. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचं वर्ष. 8 एप्रिल ते 22 मे, मोजून 45 दिवस. त्या वर्षी आमच्याच माण तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. आमच्या गावाला कुठलं बक्षीस मिळालं नाही, पण माणसं तशीच राबली. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यात आमच्याकडे पाचशेसुद्धा गाठत नाही. गाव पहाटे टिकाव-खोरी घेऊन डोंगरावर जायचं आणि जिथे टिकाव परत उडायचा तिथे तुमचं मशीन लागायचं.

तुम्ही ट्रेलरवरून मशीन उतरवलंत आणि पहिल्याच दिवशी आमच्याशी वाद घातलात. आम्हाला ओढा आधी खोल करून हवा होता, कारण तो रस्त्यावरून दिसतो. तुम्ही म्हणालात, "वरचं पाणी वर अडवलं नाही, तर पहिल्या पावसात हा ओढा गाळानं भरंल. मग मला परत बोलावू नका." प्रशिक्षणात पोरांनी 'माथा ते पायथा' घोकलं होतं, पण गावाला ते पटलं तुमच्या तोंडून. मशीन डोंगराला लागलं. उताराची समान पातळी दाखवणाऱ्या हायड्रोमार्करने काढलेल्या फक्कीच्या रेघेवरून तुम्ही डीप सीसीटी, म्हणजे खोल समतल चर, काढत गेलात. 20 टनांचं धूड, पण रेघ कधी मोडली नाही.

तासांची वही माझ्याकडे होती, म्हणून दिवसभर मी तुमच्या मागे. तुमच्याबद्दल जे कळलं ते तिथेच, ग्रीस मारताना नाहीतर डिझेलच्या कॅनवर बसून चहा पिताना. आई-वडील बीडकडचे ऊसतोड कामगार. सोळाव्या वर्षी तुम्ही हेल्पर म्हणून लागलात. दुपारी ऑपरेटर झोपला की मालकाच्या चोरून लिव्हर धरायचात, मशीन तसंच शिकलात. त्यानंतर तीस वर्षं धरणाचे कालवे, रस्ते, विहिरी, शेततळी. घरी जाणं दिवाळीला. एसी नसलेली केबिन, मे महिन्याचं ऊन, डोक्याला ओला पंचा, कमरेला पट्टा. "रात्री खाटेवर पडलो तरी खाट हलतीया असं वाटतं," असं एकदा सहज बोलून गेलात. मला ते अजून विसरता येत नाही.

पण हे पत्र लिहितोय ते 11 मेच्या दुपारसाठी.

त्या दिवशी बांधबंदिस्ती आमच्या रानात आली आणि आमचे अण्णा मशीनच्या पुढ्यात जाऊन बसले. "आधी माझ्या अंगावरनं न्या," म्हणाले. गाव चिडलं. मीही चिडलो, बापावर ओरडलो. अण्णांचं दुखणं मला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी एका कामात खालच्या पट्टीत मुरूम वर येऊन पडला होता आणि पुढे तीन वर्षं तिथे मटकीसुद्धा धड आली नाही. ठाऊक असूनही मी ओरडलो.

तुम्ही इंजिन बंद केलंत. उतरलात, डबा घेतलात आणि अण्णांशेजारी उन्हातच बसलात. भाकरीचा अर्धा तुकडा त्यांच्या हातावर ठेवलात आणि विचारलंत, "बाबा, काळी माती किती खोल हाय?" अण्णांनी वीत आणि वर चार बोटं दाखवली. झालं, एवढंच बोलणं.

मग तुम्ही जे केलंत ते मी बांधावर बसून पाहिलं. आधी वरची काळी माती तेवढी सोलून एका अंगाला ढीग लावलात. बकेटचे दात मुरमाला लागले की आवाज बदलतो. तो बदलला की हात थांबायचा. मग खालचा मुरूम काढून त्याचा बांध घातलात. शेवटी ढिगातली माती पुन्हा रानावर पसरलीत, बकेटच्या पाठीने, आई लेकराच्या अंगावर वाकळ पांघरते तशी. अण्णा उठले आणि एक ढेकूळ हातात चुरून पाहिलं. काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र तुमच्यासाठी घरून दूध पाठवलं.

या सगळ्यात दोन तास जास्तीचे गेले. मी वहीत लिहायला लागलो तर म्हणालात, "ते लिहू नको, मालकाशी मी बोलतो." ते दोन तास तुमच्या भत्त्यातून कापले गेले, हे तुमच्या हेल्परने मला मशीन गेल्यावर सांगितलं. मी फोन करून विचारलं, तेव्हा तुम्ही विषय बदललात.

त्या वर्षी पावसाने दगाच दिला. 2019 च्या उन्हाळ्यात पुन्हा चारा छावण्या लागल्या आणि तुमचे चर कोरडेच. लोक मला म्हणायचे, काय उपयोग झाला? मग त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात माणगंगेला पूर आला आणि डोंगरावरचा एकेक चर भरून चमकायला लागला. मी फोटो पाठवला होता. तुम्ही उलट विचारलंत, "बाबांची माती राहिली का जाग्यावर?"

राहिली, मामा. अजून आहे. बाजरी येते, यंदा कांदाही केलाय.

ओढ्याकाठी फलक आहे. त्यावर देणगीदार आहेत, पुढारी आहेत, आमच्या समितीचीही नावं आहेत. तुमचं नाही. फलक लिहिताना मी तिथे होतो आणि मलाही सुचलं नाही. ग्रामसभेत आता विषय मांडलाय. तुमचं नाव लागेल आणि हेल्परचंही.

तुमचा मुलगा सध्या रस्त्याच्या कामावर पोकलेनवरच आहे. गाळ काढायला त्यालाच बोलावलंय. अण्णा आता थकलेत, पण त्याच्या मुक्कामाची खोली त्यांनी स्वतः झाडून ठेवलीय. रोज विचारतात, "मामांचं पोरगं कवा यायचंय?"

तुमचा,
वहीवाला