पुरावा न मागता विश्वास ठेवणाऱ्या त्या दात्यास

आदरणीय दात्यास,
सविनय नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. दोन वर्षांचं अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं, त्यात एवढंच होतं की ही रक्कम एका दात्याने धाकट्या भावाच्या स्मरणार्थ दिली आहे. ती ओळ मी प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली. आता अनुदान संपलं, हिशेब आणि अहवालही पाठवून झाला. तुमचे आभार मात्र राहून गेले होते.

पीएच.डी. झाल्यावर माझ्याकडे एक प्रश्न होता आणि पैसे नव्हते. मोठी अनुदानं देणारे आधी प्राथमिक निष्कर्ष मागतात. ते मिळवायचे तर प्रयोग हवेत, आणि प्रयोगांना पुन्हा पैसेच लागतात. अशा कोंडीसाठी मराठीत एक म्हण आहे, वेड आणि लग्नाची. मानसिक आजार असलेल्या माणसांच्या घरच्यांना ती किती वेळा ऐकून घ्यावी लागली असेल, हे मनात येतं, म्हणून मी ती वापरत नाही.

माझा प्रश्न तुम्हाला सांगायलाच हवा. स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार बहुतेकदा ऐन तारुण्यात, कॉलेजच्या वयात डोकं वर काढतो. त्याच वयात का? किशोरवयात मेंदू चेतापेशींमधले नको असलेले जोड, म्हणजे सिनॅप्स, छाटत असतो. ही छाटणी बिघडली तर हा आजार होत असेल का, हा विचार अर्विन फाइनबर्ग या संशोधकांनी १९८२ च्या सुमारास मांडला. त्याला जनुकांच्या बाजूने भक्कम आधार मिळाला तो २०१६ मध्ये, सी-४ नावाच्या जनुकावरच्या अभ्यासातून. मधे चौतीस वर्षं गेली. मला पाहायचं होतं ते याच्या अलीकडचं: छाटला जाण्याआधी तो जोड क्षीण होतो का, आणि होत असेल तर कोणत्या पेशींवरचा?

हे काम कसं चालतं ते सांगते. उंदराच्या मेंदूचा ०.३ मिलिमीटर जाडीचा काप घ्यायचा. क्षारांच्या द्रावणात ठेवून त्यात सतत प्राणवायू सोडत राहिलं की तो काही तास जिवंत राहतो. मग काचेची एक नळी, जिचं टोक जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू एका पेशीला टेकवायची आणि तोंडाने अलगद ओढ द्यायची. पडद्यावरची रेघ एकदम सपाट झाली की समजायचं, पेशी नळीला घट्ट चिकटली. त्यानंतर त्या एका पेशीत येणारा एकेक सूक्ष्म प्रवाह दिसू लागतो. दिवसभरात अशा पाच-सहा पेशी हाती लागल्या तर तो दिवस चांगला.

पहिलं वर्ष पूर्ण फसलं. ज्या पेशींवर माझा भरवसा होता त्यांत काहीच फरक निघाला नाही. तुमच्या पैशाचा जवळजवळ अर्धा भाग ‘इथे काही नाही’ एवढं कळण्यात गेला. अहवालात ते जसंच्या तसं लिहिलं, तेव्हा माझे हात थरथरत होते. उत्तर आलं, ‘पुढचा हप्ता ठरल्या तारखेला जमा होईल.’ ते वाचून मी रडले.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या पेशींकडे वळले, बाकीच्यांना आवर घालणाऱ्या. तिथे फरक दिसला. लहान, पण पुन्हा पुन्हा दिसणारा. कोणता काप कोणत्या गटातला हे माझ्या विद्यार्थिनीला न सांगता तिच्याकडून मोजणी करून घेतली, तरी तो टिकला. तिचा पगार तुमच्याच पैशातून होत होता.

उन्माद या मानसिक विकारावरचा लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियाचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला, तेव्हा त्यांची प्रयोगशाळा म्हणजे रुग्णालयातली एक वापरात नसलेली खोली होती. हा दाखला देऊन कुणी म्हणतं, जिद्द असली की पैसा लागत नाही. मला हे मुळीच पटत नाही. केड यांचं नाव आपल्याला कळलं; खोलीच न मिळालेल्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. मीही त्यांच्यातलीच एक झाले असते.

औषध सापडलेलं नाही. माझ्या हयातीत या धाग्यातून ते निघेल की नाही, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तुमच्या भावाच्या आठवणीपुढे खोटी आशा मांडायचं मनात येत नाही. पण त्या निष्कर्षांच्या जोरावर पाच वर्षांचं मोठं अनुदान मिळालं आहे. विद्यार्थिनी आता हाच प्रश्न घेऊन पीएच.डी. करते आहे. प्रयोगवही नवी घेतली. पहिल्या पानावर ती ओळ पुन्हा लिहिली.

तुमची इच्छा असेल तर निधीच्या कार्यालयामार्फत फक्त एक निरोप धाडा. ज्या दिवशी कापांचं काम असेल त्या दिवशी या. सूक्ष्मदर्शकापाशी तुम्हाला बसवीन आणि ती रेघ सपाट होताना दाखवीन.

आपली ऋणी,
एक संशोधक