भाड्याचा आकडा आणि बाबांच्या चपला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावावर आलेला लेख काल वाचला. 'पगाराच्या मानाने घरभाडे क्षुल्लक' हे वाक्य वाचून इतका संताप आला की आज हे पत्र लिहायला बसले. मी या गावात नऊ वर्षे राहते आहे, तीही भाड्याच्याच घरात.

लेखात दोन बेडरूमच्या भाड्याचा एक आकडा दिला आहे आणि त्याचे रुपये करून दाखवले आहेत. तो आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण तेवढ्यात घर मिळत नाही. दारातून कचरा उचलण्याचे पैसे वेगळे, झुरळांच्या औषधाचे वेगळे, पाण्याचे वेगळे, भाडेकरूचा विमा सक्तीचा. आमच्याकडे दर महिन्याला असे शंभरावर डॉलर जातात. इथल्या कमिन्स या इंजिन कंपनीमुळे पुण्याचे आणि या गावाचे नाते १९६२ पासूनचे आहे. कोथरूड-चिंचवडची कितीतरी मुलेमुली इथे बदलीवर येतात. त्यांचे आईवडील आता हा लेख व्हॉट्सअॅपवर पाठवत असतील आणि मुले त्या आकड्यावर महिन्याचा हिशेब मांडतील. म्हणून लिहिते.

आमचा हिशेब कुठे चुकला ते सांगते. २०१८ मध्ये माझ्या बाळंतपणाला आई-बाबा कराडहून आले. दोन बेडरूमचे घर, भाडे ९४५ डॉलर. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, टाचा भिंतीला लावून, अगदी नीट. तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीत कागद: पॅसेजमध्ये वस्तू ठेवू नयेत. आम्ही चपला आत घेतल्या. तीन आठवड्यांनी दुसरा कागद आला. करारात नाव नसलेल्या व्यक्ती घरात राहत असल्याचे दिसते, पाहुण्यांना चौदा दिवसांची मुभा आहे, आमच्या गृहसंकुलाच्या ऑफिसात येऊन भेटावे.

मी आठव्या महिन्यात होते. ऑफिसात गेले तेव्हा तिथल्या बाईंनी करार उघडून पान दाखवले. होते खरेच तसे लिहिलेले. सही करताना आम्ही भाडे आणि डिपॉझिट एवढेच वाचले होते. आई-बाबांची नावे घालायची तर दोघांच्या अर्जाची फी, वर त्यांची पार्श्वभूमी तपासणार, आणि त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक हवा. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या माणसांकडे तो कुठून असणार? शिवाय बाळ आले की माणसे पाच होणार, आणि दोन बेडरूमला चौघांचीच परवानगी. म्हणजे एक तर आई-बाबांनी परत जायचे, नाही तर आम्ही तीन बेडरूमचे घर घ्यायचे. भाडे १,२६५, घर बदलण्याची फी वेगळी, डिपॉझिट नव्याने.

घर मिळेपर्यंत अकरा दिवस गेले. त्या दिवसांत बाबा सकाळी माझ्या नवऱ्याच्या गाडीतून निघायचे आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसायचे. मला म्हणाले, "दिवसा घरात नसलो तर चालेल ना गं?" तुमच्या लेखात ज्या वाचनालयाचे छायाचित्र आहे, तेच ते. वास्तुकार आय. एम. पेई यांनी बांधलेले, १९६९ चे, समोर शिल्पकार हेन्री मूर यांची कांस्याची कमान. गावातल्या वास्तुकलेचे तुम्ही केलेले कौतुक योग्यच आहे, वास्तुकार सारिनेन यांचे १९४२ चे चर्च मलाही आवडते. पण ती कमान पाहिली की मला तिच्या मागच्या इमारतीत डबा मांडीवर घेऊन बसलेले बाबा दिसतात. पुण्यातले घरमालकही कमी नाहीत, बॅचलर नको, मांसाहारी नको, सगळे ऐकून घेतले आहे. तरी लेकीच्या बाळंतपणाला आई आली म्हणून कुणी दारावर कागद लावल्याचे मी ऐकलेले नाही.

आई-बाबा परत गेल्यावर पुन्हा दोन बेडरूमचे घर शोधले, तर त्याचे भाडे आमच्या तीन बेडरूमच्या जवळ पोचलेले. तेव्हापासून इथेच आहोत. करार नव्याने करण्याच्या यंदाच्या पत्रात भाडे बारा महिन्यांच्या कराराला १,६९०, सात महिन्यांच्या कराराला १,८४०, आणि महिन्या-महिन्याने राहायचे तर २,०५०. इंडियानात शहराला भाडेवाढीवर मर्यादा घालता येत नाही, राज्याचाच तसा कायदा आहे. २०२१ मध्ये तर विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून घरमालक-भाडेकरू व्यवहारात शहरांनी लक्ष घालण्याची वाटच बंद केली. आणि एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर त्याला नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला ६० दिवस मिळतात, घर सोडायची नोटीसही आमच्या करारात ६० दिवसांची, वर दोन महिन्यांचे भाडे दंड. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या कुटुंबाने दोन लहान मुलांसह हे सोसले. यातला एक शब्द लेखात नाही.

परत जाणाऱ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट तरी छापायची होती. इथल्या कायद्याप्रमाणे घर सोडल्यावर ४५ दिवसांत डिपॉझिट परत द्यावे लागते, कापलेल्या पैशांचा तपशील लेखी द्यावा लागतो, आणि नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. मात्र त्यासाठी भाडेकरूने आपला नवा पत्ता लेखी कळवलेला असावा लागतो. पुण्याला निघायच्या गडबडीत नेमके तेवढेच राहून जाते.

आणखी एक. लेखातले दुसरे छायाचित्र, नदीकाठच्या उंच इमारतींचे, आमच्या गावाचे नाहीच. ते ओहायो राज्यातले कोलंबस आहे, नऊ लाख वस्तीचे. आमचे गाव पन्नास हजारांचे. भाड्याचा आकडा यातल्या कुठल्या कोलंबसचा आहे, ते लेखकाला विचारून येत्या रविवारी छापावे. फक्त चित्राची दिलगिरी पुरणार नाही.

करार अजून चालू असल्याने माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक
कोलंबस, इंडियाना (मूळ कराड)