चागोसच्या करारावर मतं मोजलीत, माणसं कधी मोजणार? ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री, ब्रिटन सरकार, लंडन
ऑक्टोबर २०२५

महोदया, स. न. वि. वि.

हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसला परत देण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्येच तुमच्या सरकारला तसं बजावलं होतं. शिवाय कोकणातून गिरमिटावर गेलेल्यांची पतवंडं मॉरिशसमध्ये राहतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते. त्या देशाची बाजू आम्हा मराठी माणसांना आपसूक जवळची वाटते. माझी तक्रार आहे ती करार संसदेतून पार करण्याच्या तुमच्या रीतीबद्दल.

२२ मे रोजी सह्या झाल्या, त्याच दिवशी करार संसदेच्या पटलावर ठेवला गेला. करारांच्या मंजुरीबाबतच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे कामकाजाचे २१ दिवस मोजायचे, तेवढ्यात विरोधी ठराव झाला नाही की मार्ग मोकळा. पण कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहात, असा ठराव यायला वेळ कोण देणार? सरकारच! ३ जुलैला मुदत संपली आणि कॉमन्समध्ये एकदाही मतदान झालं नव्हतं. झालं ते लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ज्यांना कुणी निवडून दिलेलं नाही आणि ज्यांचा ठराव करार अडवूही शकत नाही. तिथे विरोधी ठराव १८५ विरुद्ध २०५ मतांनी पडला. नंतर करार अमलात आणण्याचं विधेयक आलं, तेही मोजक्या कलमांचं. समितीचा टप्पा आणि तिसरं वाचन कॉमन्सने २० ऑक्टोबरला एकाच दिवसात उरकलं. दिएगो गार्सिया बेटावरच्या ब्रिटन-अमेरिकेच्या लष्करी तळासाठी ९९ वर्षांचा भाडेपट्टा, वर्षाला सरासरी १०.१ कोटी पौंड, आणि एक दिवस.

विरोधी बाकांवरून आज गळे काढले जातात, पण वाटाघाटी नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्याच सरकारने सुरू केल्या होत्या. त्यांचं मनावर घेऊ नका.

चागोसवासीयांचं मात्र घ्यावंच लागेल. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ही बेटं मॉरिशसपासून तोडली ती राणीच्या हुकमाने. विधेयक नाही, मतदान नाही. तळासाठी बेटं मिळावीत म्हणून अमेरिकेने ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात १.४ कोटी डॉलर सोडून दिले, हे तर तुमच्या संसदेपासूनही लपवलं आणि त्यांच्या काँग्रेसपासूनही. पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांना कागदोपत्री कंत्राटी मजूर ठरवलं. खोबरं वाळवायच्या शेडमध्ये त्यांचे कुत्रे कोंडले आणि गाड्यांचा धूर सोडून मारले. मालक बघत होते. त्यानंतर त्यांनाही 'नॉर्डव्हेर' बोटीत भरलं. १९७३ पर्यंत बेटं रिकामी झाली. संसदेला अंधारात ठेवलं की काय काय करता येतं, ते तुमच्याच खात्याच्या जुन्या फायलींत आहे.

आता सगळं उघड्यावर चाललंय, हे मान्य. पण आताही करार दोन सरकारांतलाच. ज्यांना हाकललं, त्यांना सहीच्या टेबलावर खुर्ची नव्हती. दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर पुनर्वसनाचा कार्यक्रम मॉरिशस 'राबवू शकतो' एवढंच करारात आहे. नाही राबवला तर? चागोसवासीयांसाठीच्या ४ कोटी पौंडांच्या निधीचं तेच. पैसे तुमचे, ते खर्च करणार मॉरिशस, आणि ज्यांच्या नावाने निधी त्यांनी नुसतं बघायचं.

विधेयक अजून लॉर्ड्सपुढे आहे, तेव्हा वेळ गेलेली नाही. दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमा. ती इंग्लंडमधल्या चागोसवासीयांच्या वस्तीत, क्रॉलीत, बसू दे, पोर्ट लुईसला जाऊ दे, सेशेल्सलाही. आपल्या क्रेओल भाषेत जे बोलतील त्यांच्या साक्षी घ्या. परत जायचंय की नाही, दिएगो गार्सियावरच्या कबरींना भेट द्यायला कुणाची परवानगी लागणार, निधीच्या विश्वस्तांत त्यांची माणसं किती, हे विचारा. अहवाल पटलावर ठेवा आणि त्यावर कॉमन्सला एक पूर्ण दिवस द्या, व्हिप न काढता. तोवर करारावर अंतिम मोहोर उमटवू नका.

कळावे,
आपला,
पुण्याचा एक वाचक