केकचे गिऱ्हाईक दोन किलोमीटरच्या आतच

महोदय,

घरगुती केकच्या व्यवसायावर महिला पुरवण्यांत येणारे लेख बहुतेक वेळा पाककृती आणि यशोगाथेवरच संपतात. क्लासवालेही दोन दिवस क्रीमची फुले शिकवतात आणि जाता जाता ‘इन्स्टाग्रामवर पेज काढा’ एवढे सांगून प्रमाणपत्र हातात ठेवतात. गिऱ्हाईक आणायचे कुठून, हे तसेच राहून जाते. म्हणून हे पत्र.

क्रीमचा केक हा नाजूक माल. डोंबिवलीतल्या केकच्या फोटोला नाशिकहून शंभर लाइक आले तरी ऑर्डर येणार ती शेजारच्या दहा-बारा सोसायट्यांतूनच. त्यामुळे सुरुवात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून करावी, पण आधी अ‍ॅडमिनला विचारून. बऱ्याच ग्रुपवर जाहिरातीचा वार ठरलेला असतो. रोज फोटोंचा मारा केला की लोक ग्रुप म्यूट करतात. एकच नीट संदेश टाकावा: वजन, भाव, अंड्याचा की बिनअंड्याचा, किती तास आधी सांगायचे आणि केक न्यायला यायचे की घरपोच मिळेल. सोबत दोनच फोटो, खिडकीच्या उजेडात काढलेले. त्यातला एक कापलेल्या तुकड्याचा, कारण आतले थर पाहूनच लोक ठरवतात. इंटरनेटवरून उचललेला फोटो पहिल्याच ऑर्डरला उघडा पडतो. गुगलवर व्यवसायाची मोफत नोंद करता येते. त्यात घराचा पत्ता लपवून फक्त परिसर दाखवण्याची सोय आहे, ही गोष्ट अनेकींना माहीत नसते.

नमुना द्यायचा तर अख्खा केक फुकट देऊ नये. सहा इंची केकचे छोटे तुकडे कागदी वाट्यांत घालून सोसायटीच्या कार्यक्रमात ठेवले की वीसेक घरांत चव पोचते. श्रावणात आणि गणपतीत तो बिनअंड्याचाच हवा, हे सांगायला नको.

खरे भांडवल म्हणजे तारखांची वही. ऑर्डर घेताना नाव, वाढदिवसाची तारीख, चव, अंडे चालते का, सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी आहे का, एवढे लिहून ठेवावे. चौकोनी कुटुंबात चार वाढदिवस आणि एक लग्नाचा वाढदिवस, म्हणजे एका घरातून वर्षाला पाच तारखा. तारखेच्या दहा दिवस आधी एक साधा मेसेज करावा. दोन दिवस आधी केला तर बेकरीत सांगून झालेले असते. नवीन गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते आणि नेमके हेच केले जात नाही.

भाव पाडून गिऱ्हाईक मिळवण्याचा मोह मात्र महागात जातो. अर्धा किलो पायनॅपल केकचा हिशेब मांडून पाहा. आकडे आपापल्या गावचे घाला. स्पंज साधारण २५० ग्रॅम, न फेटलेले क्रीम २०० मिली, वर पाक आणि फळ. समजा साहित्य १७० रुपये, बॉक्स, बोर्ड, मेणबत्ती आणि सुरी मिळून ४०, गॅस-वीज २०, दीड तासाची मजुरी १५०. झाले ३८०, आणि नफा अजून धरलेलाच नाही. हा केक ३५० ला देणारी बाई स्वतःच्या मजुरीतलेच तीस रुपये सोडून देत असते. स्वस्त म्हणून आलेले गिऱ्हाईक वीस रुपये कमी दिसले की दुसरीकडे जाते. ऑर्डर घेताना निम्मे पैसे यूपीआयवर घ्यावेत, नातेवाइकांकडूनही.

बेकरीशी स्पर्धा ‘आत्ता लगेच’ला करू नये, तिच्या काचेच्या फ्रिजमध्ये केक तयारच असतो. बेकरीत सहज मिळत नाही ते विकावे: मे महिन्यात खऱ्या हापूसचा केक, कमी गोड केक, जैन कुटुंबांसाठी केक. इथे एक फसगत होते. अंडे टाळले म्हणजे काम झाले असे वाटते, पण मूस (फेसाळ क्रीमचा गोड थर), चकाकणारे ग्लेझ आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असते, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. त्याऐवजी समुद्री शेवाळापासूनचे चायना ग्रास वापरावे आणि तसे आधीच सांगावे. बिनअंड्याच्या केकसाठी भांडी वेगळी ठेवली असतील तर तेही जाहिरातीत लिहावे. त्या एका ओळीवर ऑर्डर येतात. अंड्याच्या केकवर हिरवा ठिपका लावता येत नाही, तिथे मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण लागतो. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेची, नोंदणी तिच्या फॉस्कॉस या संकेतस्थळावरून होते. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक असल्याशिवाय घरपोच खाद्यपदार्थ देणारी अ‍ॅप्स दारात उभे करत नाहीत.

वाढदिवसाचे केक शनिवार-रविवारी एकदम अंगावर येतात आणि मधले वार ओव्हन रिकामा. त्यासाठी रवा केक, मावा केक, ब्राउनी असा कोरडा माल हवा. तो फ्रिजशिवाय प्रवास करतो, हॉस्टेलवरच्या मुलांना पाठवता येतो. दिवाळीआधीच्या प्रदर्शनातही हाच चालतो. क्रीमचा केक मंडपाच्या उकाड्यात तासाभरात बसतो. स्टॉलवरच्या विक्रीतून भाडे सुटले तरी पुरे, फोन नंबर गोळा होणे जास्त मोलाचे.

आणि मिळालेले गिऱ्हाईक तुटते ते बहुधा वाटेत. केक निघण्याआधी निदान चार तास फ्रिजमध्ये घट्ट व्हायला हवा. सहा इंची केकला आठ इंची बोर्ड घ्यावा, खाली क्रीमचा एक ठिपका लावून केक त्यावर चिकटवावा आणि बोर्ड बॉक्सच्या तळाला दुहेरी टेपने पक्का करावा. रिक्षाची सीट मागे उतरती असते, म्हणून बॉक्स पायाशी सपाट जागेवर ठेवावा. स्कूटरच्या हँडलला तर कधीच अडकवू नये. न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकालाही हे सांगावे आणि झाकण उघडून त्याच्यासमोर फोटो काढून ठेवावा. घरी पोचल्यावर ‘केक वाकडाच होता’ असा फोन आला, तर बोलायला काहीतरी हाताशी असते.

– घरगुती केक करणाऱ्या काही जणी, डोंबिवली (पूर्व)