काळ्या रंगाने गाडी थंड होत नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी यावरचा लेख वाचला. बराचसा सल्ला उपयोगी आहे. पण ‘रेडिएटरला मॅट काळा रंग मारल्यास उष्णता लवकर बाहेर पडते’ हे वाक्य वाचून राहवलं नाही. इंजिनाचं गरम पाणी थंड करणारी जाळी म्हणजे रेडिएटर. मी चिपळुणात १९८६ पासून त्याच्याच दुरुस्तीचं काम करतो.

गेल्याच महिन्यात सावर्ड्याचे एक गुरुजी आले. गाडी जुनी, त्यांनी नुकतीच विकत घेतलेली. कुंभार्ली घाट निम्मा चढला की काटा लाल रेघेवर. थर्मोस्टॅट बदलून झाला, झाकण बदललं, कूलंट दोनदा भरलं. बॉनेट उघडलं तर रेडिएटर काळाभोर, अगदी नव्यासारखा. तो खोलून मी मागे बल्ब धरला. चांगल्या जाळीतून उजेड चाळणीतून यावा तसा सगळीकडून येतो. इथे वरचा चार बोटांचा पट्टा सोडला तर अंधार! कुणीतरी ब्रशने ऑइलपेंटचे दोन हात दिले होते आणि तेही जाळी न धुता. रंग खरवडला तर खाली वाळलेला गाळ. तो गाळ मी कुठेही ओळखेन. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदी गावात शिरली तेव्हा माझं दुकानही पाण्यात होतं आणि पुढे कित्येक महिने मी लोकांच्या जाळ्यांतून तोच चिखल काढत होतो. गाडी पुरातली आहे हे गुरुजींना विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. रंगाने ते झाकलं होतं. मला राग आहे तो याचा.

आता काळ्या रंगाविषयी. काळी वस्तू उष्णता जास्त फेकते हे शाळेत शिकवतात आणि ते खरंच आहे. पण गाडीचा रेडिएटर तसा फारसा थंड होतच नाही, नावाचा अर्थ ‘किरणं फेकणारा’ असला तरी. तो वाऱ्याने थंड होतो. माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनियर आहे, तिने मला हिशेब मांडून दाखवला. बाहेर ४० अंश आणि जाळी ९० अंश असेल, तर काळ्या जाळीच्या एका बाजूने किरणांवाटे जेमतेम सव्वाशे-दीडशे वॅट बाहेर पडतात. घाट चढताना त्याच जाळीला वीस-तीस हजार वॅट बाहेर टाकायचे असतात. बाकी सगळं काम वाऱ्याचं.

म्हणून रंग मारूच नये का? तसंही नाही. पद्मिनी आणि अँबॅसडरचे तांब्या-पितळेचे रेडिएटर काळा रंग लावलेलेच असायचे, कारण खाऱ्या हवेत तांबं कळकतं. मीही झाळकाम झाल्यावर स्प्रेचा एक पातळ हात देतो. रंगातून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने हजारपट कमी वाहते, हे ऐकून लोक घाबरतात. पण तो थर केसाहून पातळ असतो आणि खरी अडवणूक धातूत नसून धातूकडून वाऱ्याकडे जाताना होते. त्यापुढे पातळ हाताचा फरक शंभरात एखादा टक्का, काट्यावर दिसणारही नाही. नुकसान होतं ते जाड रंगाने. जाळीतल्या पातळ पत्र्यांवर, म्हणजे फिनवर, खिडकीच्या झडपांसारख्या बारीक तिरक्या खाचा असतात. वारा तिथेच घुसळतो. त्या मिलिमीटरभर खाचा लिंपल्या गेल्या की वारा नुसता सरकून जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवरून तो रंग काढायला जाल तर पातळ फिन हातात येतात. गुरुजींची जाळी बदलावीच लागली.

हल्ली तापमान मोजायची बंदूक घेऊनही गिऱ्हाईकं येतात. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते, तिथेच काळा रंग दिला की आकडा चढतो. कुणी म्हणतं रंगाने रेडिएटर तापला, कुणी म्हणतं आता उष्णता बाहेर पडायला लागली. दोन्ही चूक. बंदूक किरणांवरूनच तापमान ओळखते आणि चकचकीत पृष्ठभाग किरणं कमी सोडतो, म्हणून बंदूकच फसते. आतलं पाणी तेवढंच गरम असतं.

वाचकांना माझं सांगणं इतकंच, की गाडी तापत असेल तर रंगाचा डबा आणू नका. आधी जाळी इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला साध्या पाण्याने धुवा. नळी जवळ धरून जोरात मारू नका, फिन आडव्या पडतात. जुनी गाडी घेताना रेडिएटर ताजा काळा दिसला तर पैसे देण्याआधी मागून बल्ब धरून बघा.

मे महिन्यात चाकरमानी गाड्या घेऊन कोकणात उतरतील. त्याआधी त्या लेखातल्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक रेडिएटर कारागीर, चिपळूण