ऑटोमॅटिक गाडीचं तेल घरी बदललं, आता जुनं तेल द्यायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऑटोमॅटिक गाड्यांवर पानभर लेख होता, चांगला होता, पण शेवटी एक वाक्य असं होतं की या गाड्यांच्या गिअरबॉक्सकडे मालकाला बघावं लागत नाही. ते वाचून मी हातातला चहा खाली ठेवला, कारण नेमकं हेच वाक्य मला गाडी घेताना शोरूमवाल्याने ऐकवलं होतं आणि त्याच्यावर विश्वास ठेवून मी अकरा वर्षं आणि ७८ हजार किलोमीटर बिनघोर काढले. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त शेवटचा भाग कापू नका, खरं विचारायचंय ते तिथे आहे.

मी मेकॅनिक नाही. शाळेत गणित शिकवायचो, आता रिटायर आहे. गाडी छोटी हॅचबॅक, जुन्या पद्धतीची चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडणारा भाग असलेली) ऑटोमॅटिक. गेल्या उन्हाळ्यात असं व्हायला लागलं की सकाळी रिव्हर्समधून डी मध्ये टाकलं की आधी एक क्षण काहीच नाही आणि मग मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखा धक्का. आमची ही म्हणाली की तुम्ही पाय नीट ठेवत नाही. सर्व्हिस सेंटरला (नाव लिहीत नाही) नेली तर तिथल्या पोराने लॅपटॉप जोडला, डोकं खाजवलं आणि म्हणाला काका गिअरबॉक्स गेला, नवीन बसवायला दीड लाखाच्या वर जाईल, एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता, एक्स्चेंजमध्ये द्या. मी विचारलं आतलं तेल कधी बदललंय का रे, तर म्हणे ते लाइफटाइम असतं, खोलायचं नसतं.

घरी येऊन गाडीचं मॅन्युअल काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरंच्या कोरं होतं, अकरा वर्षांत पहिल्यांदा उघडलं. मेंटेनन्सच्या तक्त्यात ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या तेलापुढे लिहिलंय की नॉर्मल वापरात काही करायची गरज नाही. म्हणजे तो पोरगा अगदीच खोटं बोलत नव्हता. पण पुढच्या पानावर बारीक अक्षरात अजून एक तक्ता आहे, अवघड परिस्थितीतल्या वापराचा, आणि तिथे मात्र तेल बदलायला सांगितलंय. आता अवघड परिस्थिती म्हणजे काय तर धूळ, घाट, पुन्हा पुन्हा कमी अंतराच्या फेऱ्या, गाडी उभी करून इंजिन बराच वेळ चालू ठेवणं, ३२ डिग्रीच्या वर तापमानात जड ट्रॅफिक. अहो हे तर संध्याकाळी सहा वाजताच्या सिंहगड रोडचं वर्णन झालं! आणि महिन्यातून एकदा साताऱ्याला जाताना खंबाटकी असतोच.

हे तेल, एटीएफ म्हणतात त्याला, नुसतं वंगण नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचते ती टॉर्क कन्व्हर्टरमधून, या तेलावरच, गिअर बदलणारे क्लच दाबले जातात ते याच तेलाच्या प्रेशरने, आतली उष्णता रेडिएटरकडे वाहून नेतं तेही हेच. आणि गंमत अशी की तेल असून त्याला फार बुळबुळीत राहून चालत नाही, क्लचच्या चकत्या धरल्या पाहिजेत आणि धरताना धक्काही बसता कामा नये, त्यासाठी त्यात खास केमिकल टाकलेलं असतं. अमेरिकेत पूर्वी या कामाला स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरायचे, सत्तरच्या दशकात व्हेलच्या तेलावर बंदी आली तेव्हा कुठे दुसरं काहीतरी शोधावं लागलं. (व्हेल मासा नाही हे मला माहितेय, बोलताना म्हणतो आपण.) तर हे केमिकल उष्णतेने मरतं, तेल काळपट होतं, चकत्यांची बारीक पूड त्यात मिसळते आणि मग धक्के सुरू होतात.

ओळखीचा एक जुना मिस्त्री आहे, त्याने डिपस्टिक (तेलाची लेव्हल बघायची पट्टी) काढून तेल बोटावर घेतलं, वास घेतला, म्हणाला सर करपट वास नाहीये फारसा, अजून वाचेल, पण माझ्याकडे गर्दी आहे, तुम्हीच करा, जमेल तुम्हाला. त्याच्याकडून दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) आणि मोठा पाना उसना आणला, नाना पेठेतून तेल आणलं. इथे पहिली महत्त्वाची गोष्ट, तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्यायचं. माझ्या गाडीला एसपी-३ जातीचं एटीएफ लागतं. दुकानदार म्हणाला डेक्सरॉन (ही एटीएफचीच दुसरी जात) घ्या, सगळ्यांना चालतं, दिसायला तेही लालच. मी ऐकलं नाही. लाल रंग फक्त गळती झाली तर इंजिन ऑइलपासून ओळखू यावी म्हणून घालतात, रंगावरून तेलाची जात कळत नाही.

भाचा मदतीला होता. रविवारी सकाळी गाडी पंधरा मिनिटं फिरवून आणली, तेल कोमट असलं की नीट उतरतं, फार गरम असलं तर हात भाजतो. जॅकने पुढून उचलून घोड्यांवर ठेवली, मागच्या चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली डोकं घालू नका हो कोणी, एवढं तरी कृपा करून छापा.

भाचा खाली गेला आणि म्हणाला मामा इथे दोन बोल्ट आहेत. एक इंजिन ऑइलचा, एक गिअरबॉक्सचा, फार लांब नाहीत एकमेकांपासून. इथेच पुष्कळ लोक फसतात, गिअरबॉक्सचं तेल रिकामं करतात आणि वरून इंजिनमध्ये चार लिटर जास्तीचं ऑइल ओततात, मग इंजिन तुडुंब आणि गिअरबॉक्स कोरडा, आणि तसंच गाडी चालू करतात. रंग बघून ठरवू म्हणावं तर अकरा वर्षांनी माझं लाल तेल चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. शेवटी मॅन्युअलमधलं चित्र, ऑइल फिल्टर कुठेय ते, असं सगळं ताडून पाहिलं आणि मगच पाना लावला. ज्या गाड्यांना भरायचा बोल्ट वेगळा असतो त्यांनी तो आधी उघडून बघावा असंही मिस्त्री म्हणाला, कारण खालून रिकामं केलं आणि वरचा निघालाच नाही तर गाडी जागची हलत नाही.

बोल्ट निघाला. त्याच्या टोकाच्या मॅग्नेटला करडा मऊ लेप होता, काजळासारखा, तो असतोच म्हणे, त्यात धातूचे कण टोचायला लागले असते तर काळजी. तेल खालच्या परातीत (घरातली नाही, नवीन आणली, तरी बोलणी खाल्लीच) पडत राहिलं, अर्धा तास ठिबकू दिलं. मग दुधाच्या मापाने मोजलं, ३.४ लिटर. मोजायलाच पाहिजे, कारण जेवढं निघालं तेवढंच परत भरायचं. बोल्टला नवीन वॉशर लावला, हाताने आटे बसवले आणि मगच पाना फिरवला, जोर काढायचा नाही, बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात असतो, आटे गेले की संपलं. भरायचं वरून, डिपस्टिकच्याच नळीतून, त्यासाठी नरसाळ्याला लांब पारदर्शक पाइप जोडला होता. फिल्टर आमच्या गाडीत आत आहे, घरी निघत नाही, सोडून दिला.

आता गणित. मॅन्युअलप्रमाणे आत एकूण सातेक लिटर तेल असतं आणि बोल्टमधून निघतं निम्मं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपात अडकून राहतं. म्हणजे एकदा बदललं की निम्मं नवीन, आणखी काही शे किलोमीटर चालवून परत बदललं की पाऊण, तिसऱ्यांदा केलं की सात-अष्टमांश. शंभर टक्के कधीच होत नाही, आठवीच्या पोरांना मी हेच फळ्यावर शिकवायचो, निम्म्याचं निम्मं कितीही केलं तरी शून्य येत नाही, फक्त तेव्हा असलं भारी उदाहरण सुचलं नव्हतं.

लेव्हल बघणं हे सगळ्यात किचकट. गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, तेल गरम, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या जागांतून सावकाश फिरवायचा, मग मॅन्युअलमध्ये सांगितलंय तिथे ठेवायचा (माझ्या गाडीत न्यूट्रल) आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढून पुसून परत बुडवून बघायची. तेल हॉटच्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. कमी चालत नाही तसं जास्तही चालत नाही, जास्त झालं की आत फेस होतो आणि फेसाने प्रेशर येत नाही. आमच्या पार्किंगला उतार आहे, त्यामुळे दोनदा चुकीचं दिसलं, शेवटी गाडी गेटबाहेर रस्त्यावर घेऊन तपासली, वॉचमनने विचारलं काका काय हरवलं.

धक्का लगेच गेला नाही. दुसऱ्या खेपेनंतर बराच कमी झाला, आता सकाळी पहिल्यांदा थोडासा जाणवतो, बास. पहिल्या खेपेला तेल, वॉशर, परात सगळं धरून साडेतीन हजाराच्या आत काम झालं. आता कोणी म्हणेल जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स बंद पडतो असं आम्ही ऐकलंय. ऐकलंय मीही. पण लोक तेल बदलतात कधी, तर गिअर घसरायला लागल्यावर, म्हणजे चकत्या आधीच खलास झालेल्या असतात, नाव मात्र नवीन तेलाचं होतं. मशीन लावून जोरात फ्लश करणं जुन्या गाडीला मी तरी करणार नाही, थोडं थोडं बदललेलं बरं.

हे वाचून लगेच पाना घेऊन कोणी खाली उतरू नका. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे चार वेगळ्या गोष्टी आहेत, माझी टॉर्क कन्व्हर्टरवाली त्यातली एक. २०१४ ला सेलेरिओपासून ज्या एएमटी गाड्या आल्या त्यांच्यात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त गिअर माणसाऐवजी यंत्र टाकतं, त्यात एटीएफ नसतं. सीव्हीटीचं (ज्यात ठराविक गिअरऐवजी बेल्ट असतो) तेल पूर्ण वेगळं, त्यात चुकून एटीएफ ओतलं तर बेल्टची वाट लागते. डबल क्लचवाल्यांचं अजून वेगळं. आणि हल्ली बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नसते, तेल ठराविक तापमानाला आणून खालच्या बोल्टमधून सांडेपर्यंत भरून लेव्हल बघतात, ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचं काम नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्याकडे बाल्कनीत दोन कॅन आहेत, मिळून जवळपास सात लिटर जुनं तेल. हे द्यायचं कुठे? घंटागाडीवाल्या ताईंनी हात जोडले आणि त्यांचं बरोबर आहे, ओल्या सुक्यात हे कुठे टाकणार. भंगारवाला कॅन न्यायला तयार, तेल गटारात ओतून द्या म्हणाला. समोर बांधकाम चालू आहे तिथला सेंट्रिंगवाला म्हणाला जळकं ऑइल द्या की, प्लेटांना लावतो. शेजारच्या काकांना वाळवीसाठी दाराच्या चौकटीला पाहिजे होतं. देऊन टाकायचा मोह झाला, पण पहिल्या पावसात ते प्लेटांवरून धुऊन कुठे जाणार, आपल्या गटारातून मुठेत, तिथून भीमेत, पुढे उजनी. सोलापूरवाले ते पाणी पितात.

मुलाने नेटवर नियम शोधून दिले. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की घरातल्या घातक कचऱ्यासाठी स्थानिक संस्थांनी दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र उभं करायचं. वापरलेलं तेल शुद्ध करून परत बेस ऑइल (ज्यापासून नवीन तेल बनवतात ते मूळ तेल) बनतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या कंपन्यांवर ठराविक प्रमाणात त्या पुनर्वापराची जबाबदारीही टाकली आहे. मोठ्या वर्कशॉपचे ड्रम उचलायला परवानाधारक लोक येतात, पण ते सात लिटरसाठी कशाला येतील. मिस्त्री म्हणाला माझ्या ड्रममध्ये ओता, पण त्याचा ड्रम नेतो कोण हे विचारल्यावर तो हसला.

तर माझी विनंती एवढीच आहे की अशी जमा केंद्रं आपल्या भागात कुठे आहेत, तेल घेतात का, कुठल्या वारी चालू असतात, याची यादी तुमच्या वार्ताहराला काढायला सांगा आणि छापा, पुणे, पिंपरी, सातारा, जिथे जिथे पेपर जातो तिथली. नुसतं माझ्यासाठी नाही, बाइकचं ऑइल घरी बदलणारी कितीतरी पोरं आहेत, त्यांचं कुठे जातं देव जाणे. नवीन तेल विकणाऱ्या दुकानाने जुनं परत घ्यावं असंही करता येईल, बाटलीवर तसं छापता येईल.

तिसरी खेप दिवाळीच्या आधी करायची आहे, आणखी साडेतीन लिटर निघेल. तोवर पत्ता छापून आला तर बरं होईल, बाल्कनीत आता तुळशीशेजारी जागा नाही आणि घरात रोज विचारणा होते.

आपला,
एक जुना वाचक, सिंहगड रोड